पंधरा जोड्या आणि एक सुटी

भिवरगाव जिल्हा कारागृहाच्या महिला बराकीत छताला ती ताटली बसली, त्या दिवशी हवालदार कोमल दुधभातेने घरी जाताना पेढे नेले. नवऱ्याने विचारलं, "प्रमोशन झालं का काय?" ती म्हणाली, "नाही. आता झोप लागेल."

ही कोमल आवाजाने अजिबात कोमल नव्हती. तिने बराकीच्या दारातून "गिनती!" अशी हाळी दिली की भिंतीपलीकडचे पुरुष कैदीही दचकून खाली बसतात, असं सगळे गमतीने म्हणत. बावीस वर्षं नोकरी झालेली. पण सहा वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार सदतीस साली, तिच्या ड्युटीत सविता नावाच्या एका बाईने जीव दिला होता. आदल्या संध्याकाळी कोमलने तिला विचारलं होतं, "जेवलीस का?" ती "हो" म्हणाली आणि कोमल पुढे गेली. चौकशीत कोमल निर्दोष ठरली. पण निर्दोष ठरलेल्या माणसाला झोप लागतेच असं नाही. आपण दुसरं काही विचारायला हवं होतं, हा एकच विचार सहा वर्षं तिच्या उशाशी मुक्कामाला होता.

ताटलीचं नाव होतं 'चाहूल'. ती बनवणाऱ्या डॉ. ऋचा ओक पुण्याहून आल्या आणि त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना सभागृहात बसवून ती समजावून सांगितली.

"श्वास घेतला की छाती थोडीशी वर येते," त्या म्हणाल्या. "हृदयाचा ठोका पडला की त्वचा त्याहून कितीतरी कमी, मिलिमीटरच्या काही भागाइतकी हलते. ही ताटली अगदी क्षीण रेडिओलहरी सोडते. त्या अंगावर आपटून परत येतात आणि त्यांच्यात जो फरक पडतो त्यावरून ही हालचाल मोजता येते. कॅमेरा नाही, माईक नाही. तिला चेहरा दिसत नाही, बोलणं ऐकू येत नाही. फक्त श्वास, ठोका, झोप आणि चालण्याची लय कळते. पहिल्या काही दिवसांत ती प्रत्येक बाईची स्वतःची लय शिकून घेते. ती लय बिघडली की तुमच्या पाटीवर तिचं नाव हिरव्याचं केशरी होतं, फार बिघडली की लाल."

पाटी म्हणजे टॅबलेट. तुरुंगात सगळे त्याला पाटीच म्हणत.

"आणि एक लक्षात ठेवा," ऋचा पुढे म्हणाल्या, "जीव द्यावासा वाटणं ही लाट असते. ती चढते, टोकाला जाते आणि उतरते. ते टोक कधी काही मिनिटांचं असतं, कधी काही तासांचं. तेवढा वेळ कोणी सोबत असलं तर बहुतेक माणसं वाचतात, आणि वाचलेली बहुतेक माणसं पुढे जगतात. तुरुंगात पहिले काही दिवस फार नाजूक. कोर्टाच्या तारखेनंतरचा दिवस, मुलाखतीला घरचं कोणी आलं नाही तो दिवस, हेही तसेच."

मागून कोणीतरी विचारलं, "मॅडम, आम्ही सरळ विचारलं तर उलट डोक्यात नाही का भरणार?"

"नाही. हे पुष्कळ वेळा तपासून झालंय. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. स्पष्ट विचारा."

कोमलने हे वाक्य वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पण वहीतलं वाक्य तोंडात यायला जीभ उचलावी लागते, आणि तिची जीभ "जेवलीस का"च्या पलीकडे काही जाईना.

इथवर सगळं शास्त्र होतं. पुढचा भाग सरकारी होता. नियम असा निघाला की पाटीवर लाल दिसलं, सायरन वाजला, की दहा मिनिटांच्या आत त्या बाईला देखरेख खोलीत हलवायचं. खोलीत दिवा चोवीस तास चालू, एक जाड घोंगडी, काचेपलीकडे पहारा, आणि बोलायला चिटपाखरू नाही. माणूस एकटेपणाने खचलेला, आणि उपाय म्हणून त्याला आणखी एकटं पाडायचं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. पण गंमत अशी की खोलीत नेलेली बाई दीड-दोन दिवसांत पाटीवर हिरवी होई, त्यामुळे कोणाला काही बोलायला जागा नव्हती. पुढे पुढे तर लाल होणंच थांबलं. सलग आठ महिने बराक हिरवीगार. अधीक्षक तांबोळी साहेबांच्या टेबलावर खात्याची ढाल आली. साहेब माणूस चांगला, पण कागदाला भिणारा. ढाल ते रोज स्वतः पुसत.

डिसेंबरात मनीषा पाचंगे आली.

सेहेचाळीस वर्षांची ही बाई एकोणीस वर्षं कॉलेजच्या मुलांची मेस चालवत होती. एका रविवारच्या फीस्टमध्ये पनीर बाधलं. अठ्ठेचाळीस मुलं आजारी पडली, दोघं गेली. खटला उभा राहिला. ती आली तेव्हा बराकीत तीस बायका होत्या. गिनतीला बायका दोन-दोनच्या जोडीने उकिडव्या बसतात, म्हणजे मोजायला सोपं पडतं. मनीषा एकतिसावी. पंधरा जोड्या झाल्या आणि ती शेवटी एकटी उरली. तेव्हापासून दर गिनतीला कोमल मोठ्या गेटला फोनवर सांगे, "पंधरा जोड्या आणि एक सुटी. एकतीस."

तिसऱ्या दिवशी मनीषा लाल झाली. नियमाप्रमाणे दोन दिवस खोलीत राहून परत आली, ती हिरवी. त्यानंतर हिरवीच राहिली. तिची मुलगी सायली दोन मुलाखतींना आली नाही, तरी हिरवी. जामीन फेटाळला, तरी हिरवी.

कोमलला हे खटकत होतं, पण पाटीवर अविश्वास दाखवायचा तर कशाच्या जोरावर? तो जोर तिला एका मंगळवारी दुपारी मिळाला, आणि तो मनीषामुळे नव्हे तर अलकामावशींमुळे.

अलकामावशी बराकीतल्या सगळ्यात जुन्या. जन्मठेप, त्यातली चौदा वर्षं झालेली. त्या दिवशी त्यांचं अपील उच्च न्यायालयात फेटाळलं गेलं. बातमी आल्यापासून मावशी भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. पुढ्यातलं ताट तसंच. कोमलने पाटी बघितली. अलका सूर्यभान ढगे: हिरवा.

ती मावशींच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "मावशी, आज तुम्ही हिरव्या कशा काय?"

मावशींनी वळून बघितलं, आणि एवढ्या दुःखातही त्यांना हसू आलं. "बाई, तुमच्या त्या ताटलीला काय डोंबल कळतंय? तीन आकडे आत, पाच आकडे बाहेर. झोपताना तेच, उठताना तेच, गिनतीला बसल्यावर तेच."

"म्हणजे?"

"म्हणजे श्वास. तीन मोजत आत घ्यायचा, पाच मोजत सोडायचा. तुम्ही लाल झालेलीला त्या खोलीत घालता. आगीतून फुफाट्यात. तिथून येणारीचं तोंड बघवत नाही. मग आम्हीच ठरवलं, आपल्या लेकीबाळींना हिरवं राहायला शिकवायचं. नवी आली की मी तिला समोर बसवते, गुडघ्याला गुडघा लावून, आठ दिवस. ती चुकली की मी मोठ्यानं मोजते. तीस जणी तयार केल्यात." शेवटचं वाक्य त्यांनी जरा अभिमानानेच म्हटलं.

कोमलने हातातल्या पाटीकडे बघितलं. आठ महिन्यांची हिरवाई! यांनी मायेपोटी एकमेकींना लपायला शिकवलं होतं, आणि इकडे आपण ढाल पुसत होतो. ती जवळजवळ ओरडलीच, "पाचंगेला शिकवलंत?"

"ती नाय बसली समोर. म्हणाली, बघून शिकते. हुशार हाय, दोन दिवसांत जमलं तिला." मग कमरेच्या पिशवीतून त्यांनी एक फोटो काढला. कॉलेजच्या पोशाखातली, दात पुढे असलेली मुलगी. "ही तिची लेक. आज सकाळी फोटो माझ्या हातात दिला. म्हणाली, राहू द्या तुमच्याजवळ. मी माझ्याच कोर्टाच्या घोरात होते, बाई. मला सुचलंच नाही काही."

तेवढ्यात संध्याकाळच्या गिनतीची घंटा झाली.

बायका बराकीत जोड्यांनी बसल्या. मोजायचं काम त्या दिवशी प्रणाली नावाच्या नव्या शिपाई मुलीकडे होतं, आणि कोमल ओळीने बघत चालली होती. तिसऱ्या जोडीतल्या बाईच्या अंगावर मनीषाचा स्वेटर. सातव्या जोडीतलीच्या हातात मनीषाची तेलाची बाटली. आणि शेवटी, डिसेंबरच्या गारठ्यात नुसत्या साडीवर, मनीषा. तिचे ओठ हलत होते. एक दोन तीन. एक दोन तीन चार पाच. चेहरा अगदी शांत, सगळी आवराआवर करून प्रवासाला निघालेल्या माणसाचा असतो तसा. पाटीवर हिरवा.

कोमलसमोर दोन वाटा होत्या. अहवाल द्यायचा, तर मनीषा पुन्हा त्या खोलीत जाणार, आणि या वेळी ती तिथून कशी परत येईल ते सांगता येत नव्हतं. गप्प बसायचं, तर बराकीला कुलूप लागणार आणि उद्या सकाळी पुन्हा सहा वर्षांपूर्वीची सकाळ. तिने पाटी बगलेत मारली, पँट गुडघ्याशी वर ओढली, आणि मनीषाच्या शेजारी गणवेशातच उकिडवी बसली.

बायका माना वळवून बघायला लागल्या. प्रणाली मागच्या बाजूने जोड्या मोजत येत होती. तिने डोकी मोजली, सोळा जोड्या भरल्या, पाठ केल्यासारखा फोन उचलला आणि म्हणाली, "महिला विभाग, बत्तीस."

कोमल मनीषाकडे वळली. "मनीषाताई," ती म्हणाली. आजवर तिने तिला आडनावानेच हाक मारली होती. "जेवलीस का हे मी विचारणार नाही. जीव द्यायचं मनात आहे का?"

मनीषाचे ओठ थांबले. आकडे चुकले.

"खरं सांगा. मी तुम्हाला खोलीत नेणार नाही."

तिने साडीचा पदर खांद्यावर घट्ट ओढला. मग अगदी हळू म्हणाली, "हो."

कोमलला वाटलं होतं की हे उत्तर ऐकून आपण कोसळू. उलट तिला सहा वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला. "बरं केलंत सांगितलंत," ती म्हणाली. "मी बसलेय. बोला."

इकडे मोठ्या गेटवर हलकल्लोळ माजला होता. रजिस्टरात चारशे बारा, गिनतीत चारशे तेरा. तुरुंगाचा कायदा असा की टोटल जुळल्याशिवाय कुलूप लागत नाही, आणि कुलूप लागल्याशिवाय कोणी घरी जात नाही. कैदी कमी भरला तर पळाला म्हणता येतं. वाढला तर काय म्हणायचं, हे कोणत्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. तांबोळी साहेब स्वतः धापा टाकत महिला विभागात आले.

"दुधभाते! हा काय प्रकार आहे? उठा आधी!"

"उठणार नाही साहेब."

त्याच क्षणी मनीषा रडायला लागली. नुसतं मुसमुसणं नव्हे, पोटातून हंबरडा. "त्याला पनीर नको होतं हो! अद्वैतला. तीन वर्षं माझ्याकडे जेवत होता, काकू काकू करायचा. नको म्हणत होता, मीच म्हटलं, खा रे, आज छान झालंय. मीच वाढलं!" तीन आकडे नि पाच आकडे कुठल्या कुठे गेले. कोमलच्या बगलेत सायरन किंचाळला. लाल.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "दहा मिनिटं. देखरेख खोली उघडा."

"खोलीत न्यायचं तर मलाही न्या," कोमल म्हणाली. "गिनतीत जोडी लागलीय आमची."

"हिला काही झालं तर कोण जबाबदार? मला लेखी द्यावं लागतं, दुधभाते बाई. काय लिहू मी?"

"लिहा, बाई बोलते आहे. बोलून झालं की कळवतो."

साहेबांची नजर ओळीवरून फिरली. समोर एकतीस बायका आणि एक हवालदार. अलकामावशी आपल्या जोडीतून उठल्या, गिनती चालू असताना उठणं हा गुन्हा, आणि मनीषाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या. स्वेटर घेतलेलीने स्वेटर काढून मनीषाच्या खांद्यावर टाकला. साहेबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि प्रणालीच्या हातातला फोन घेतला. "टोटल बरोबर आहे," ते म्हणाले. "त्यातली एक आपलीच आहे. तो सायरन बंद करा कोणीतरी."

सायरन बंद झाला, रंग मात्र लालच राहिला. मनीषा बोलत होती. अद्वैतबद्दल, दुसऱ्या मुलाबद्दल, सायलीबद्दल. कोमलला सांत्वनाचं एकही वाक्य येत नव्हतं, म्हणून ती फक्त "मग?" एवढंच विचारत राहिली. पाऊण तासाने लाल केशरी झाला. ऋचा मॅडम म्हणाल्या होत्या ती लाट कोमलने डोळ्यांदेखत उतरताना पाहिली.

तेवढ्यात मावशी पाटीत डोकावल्या. "बाई, हे खाली कोण?"

मनीषाच्या नावाखाली आणखी एक ओळ उमटली होती. 'अनोळखी: केशरी.' इतका वेळ एका जागी बसलेल्या कोमलचाही श्वास ताटलीने टिपला होता.

"तुम्ही पण होय?" मावशी म्हणाल्या.

मग कोमलने त्या सगळ्यांसमोर सविताचं सांगितलं. सहा वर्षांत तिने ते नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. मनीषाने डोळे पुसले आणि विचारलं, "मग?"

ऋचा ओक गुरुवारी आल्या आणि चार दिवस सगळ्या नोंदी काढून बसल्या. पाचव्या दिवशी त्यांनी साहेबांना आणि कोमलला बोलावलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता, आणि डोळे मात्र चमकत होते.

"श्वासाचं सोंग आणता येतं," त्या म्हणाल्या. "पण दोन ठोक्यांमधलं अंतर कमी-जास्त होत असतं, आणि गाढ झोप असते, यांचं सोंग आणणं फार अवघड. मी आता तेच तपासलं. ज्यांना मावशींनी गुडघ्याला गुडघा लावून शिकवलं, त्यांतल्या बहुतेकींचं हे दोन्ही खरोखर सुधारलेलं आहे. दोन माणसं समोरासमोर बसली की त्यांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात. यांना वाटत होतं आपण मशीनला फसवतोय. मशीन फसलंही. पण त्या फसवाफसवीत यांच्या जिवाला खरंच आराम पडत होता. मनीषाताई एकटीने शिकल्या. त्यांचं वरून हिरवं आणि आतून काहीच सुधारलेलं नाही."

"आणि खोलीतला हिरवा?" साहेबांनी विचारलं.

"तिथे माणूस इतका निपचित पडतो की मशीनला तो आराम वाटतो." त्यांनी पुढ्यातल्या नोंदी मिटल्या. "चूक माझी आहे. मी रंग दाखवणारं यंत्र केलं. रंग दिसल्यावर तुम्ही काय करणार, हे मी विचारलंच नाही."

पुढचं सगळं सरकारी चालीने झालं, पण झालं. कोमलला 'गिनतीच्या वेळी बंद्यांच्या रांगेत बसून एकूण संख्येत वाढ केल्याबद्दल' ताकीदपत्र मिळालं. तिने ते कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. ढाल साहेबांनी आपण होऊन परत पाठवली, आणि सोबतच्या पत्राला कधी नव्हे ते एका दिवसात सही केली. सायरन काढला. आता लाल झालं की पाटीवर फक्त एक ओळ येते, कोमलनेच सांगितलेली: 'जवळ जाऊन बसा.' देखरेख खोलीचं दार काढून टाकलं आणि आत दोन चटया टाकल्या. एकटीने तिथे बसायचं नाही, एवढाच नियम. सोबत कशी करायची याचं शिक्षण मावशी देतात, आणि ऋचा मॅडम वहीत लिहून घेतात.

मनीषा मधून मधून लाल होई. फेब्रुवारीत दोनदा झाली, तारखेनंतर एकदा. प्रत्येक वेळी कोणीतरी शेजारी जाऊन बसलं. मार्चमध्ये सायली मुलाखतीला आली. फार बोलली नाही, पण तेलाची नवी बाटली देऊन गेली, आणि जाताना "पुढच्या मंगळवारी येते" म्हणाली. त्या दिवशी मनीषा पहिल्यांदा तुरुंगाच्या स्वयंपाकघरात गेली, आमटीत मीठ कमी आहे म्हणाली आणि तिथेच थांबली.

एप्रिलात एक नवी बाई आली. तोवर बराकीत बत्तीस जणी झाल्या होत्या, म्हणजे बरोबर सोळा जोड्या, आणि ही तेहेतिसावी. संध्याकाळच्या गिनतीला ती शेवटी एकटी बसली, गुडघ्यांत डोकं घालून. पाटीवर लाल. कोमल पुढे निघाली, तोवर शेवटच्या जोडीतली मनीषा आपल्या जोडीदारणीला घेऊन सरकत सरकत मागे आली आणि नवीच्या दोन्ही बाजूंना दोघी बसल्या.

"जोडीनं बसा," कोमल सवयीने म्हणाली.

"मॅडम, इथे तिघी राहू द्या."

नवी बाई डोकं वर न करता पुटपुटली, "पोलीस गाडीत एकजण सांगत होती, इथे लाल झालं की घेऊन जातात. श्वास मोजायचा म्हणे. तीन आत, पाच बाहेर ना?"

"काही मोजू नकोस," मनीषा म्हणाली. "रडायचं तर रड. लाल झालीस तर झालीस. आम्ही बसलोय ना."

बाईने तिचा हात धरला. कोमल ओळीच्या टोकापर्यंत मोजत गेली, परत मोजत आली, आणि तिने मोठ्या गेटला फोन लावला.

"महिला विभाग," ती आपल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली. "पंधरा जोड्या आणि तिघी. एकूण तेहेतीस. सुटी कोणी नाही."